अनुभव धागा: विज्ञानाचे सर, विज्ञानाच्या बाई

ठाणे-नवी मुंबईतल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी लिहावं. निरोप समारंभाची भाषणं नकोत. तासाला नेमकं काय व्हायचं ते सांगा.

शिक्षिका, ठाणे पश्चिम
शून्य सावली दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस, आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. पहिला सुट्टीत, दुसरा ढगात! म्हणून मी नववीच्या मुलांना मेमध्येच गच्चीवर बोलावते. पालक विचारतात, "याला मार्क आहेत का?" नाहीत.

आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, सावली किती वाजता गायब होणार. बहुतेक सगळे बारा लिहितात. मग पाइपचा तुकडा उभा करायचा. बारा वाजता सावली पश्चिमेला चांगली दिसत असते. पोरं कुरकुरतात, माझ्याकडे बघतात, मी गप्प. साडेबारा उलटल्यावर ती पाइपाखाली जाते. आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं, ठाणे 73च्या जवळ, अंशाला चार मिनिटं. भूगोलातलं हे गणित कोणीतरी तिथेच मांडतं. उत्तर येतं 38 मिनिटं, पण सावली त्याच्या तीन-चार मिनिटं आधीच गेलेली असते. ती मिनिटं कुठे गेली, यावर मग खरी भांडणं होतात. ते उत्तर दहावीच्या पुस्तकातही नाही. बरंच आहे.

माजी विद्यार्थी, ऐरोली
आमच्या सरांचा एकच प्रश्न असायचा, "कशावरून?" खाडीवर नेलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, फ्लेमिंगो जन्मतःच गुलाबी असतात. "कशावरून?" पिल्लं करडी असतात आणि रंग खाण्यातून येतो, हे आम्ही शोधून काढेपर्यंत सरांनी पुढचा धडा घेतला नाही. हा प्रश्न मी घरी वडिलांना विचारू लागलो, तेव्हा सरांना पालकसभेत ऐकून घ्यावं लागलं.

शिक्षक, कोपरखैरणे
वरचं वाचून छान वाटलं. पण वर्गात साठ मुलं, प्रात्यक्षिकाला 20 गुण, आणि प्रयोगवह्या मागच्या बॅचच्या वह्यांवरून उतरवलेल्या. निरीक्षणं प्रयोगाआधीच तयार! मी अजून तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळे फार बोलताही येत नाही.

एक करतो. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा असतो, तिथे अर्ध्या गटांना जस्ताची पट्टी देतो. वहीत खिळ्याचं निरीक्षण, 'द्रावण फिकट हिरवं झालं', आधीच लिहिलेलं असतं, समोर निळा रंग नुसता फिका होत जातो. तरीही बरेच जण हिरवंच ठेवतात. जो खाडाखोड करून 'हिरवं झालं नाही' लिहितो, त्याला मी त्या प्रयोगाचे पूर्ण गुण देतो. खाडाखोडीबद्दल पर्यवेक्षक नाराज असतात ते असोत.

निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कळवा
आमच्या बाई प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघत, वर्षानुवर्षं केलेलासुद्धा. स्थितिक विद्युत त्या पावसाळ्यात घेतच नसत. जुलैतल्या दमट हवेत घासलेला फुगा भिंतीला चिकटत नाही, मुलांना पुस्तकच खोटं वाटतं. तो पाठ दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. वार्षिक नियोजनात मात्र तो जुलैतच 'पूर्ण' दाखवलेला असे, सहीनिशी.