तागालोग (मनिलाकडची भाषा): घरमालकीणबाईंशी काय बोलू?

मिरजकर: पुढच्या महिन्यात मनिलाला चाललोय. घरमालकीण सत्तरीच्या आहेत. 'कुमुस्ता' (कसे आहात?) सोडून जुजबी काही सांगा.

भटकभवानी: आधी 'पो' शिका. आपल्या 'अहो-जाहो'चं बरंचसं काम तेच करतं. आभार मानताना मित्राला नुसतं 'सालामात', आजींना 'सालामात पो'. होकाराला 'ओपो'. मी पहिला आठवडाभर 'ओओ' (बरोबरीच्यांना म्हणायचं 'हो') करत होते. शेजारच्या आजी मला हसायच्या, नातवाला मात्र त्यावरून दटावायच्या! फाटकाशी 'ताओ पो!' अशी हाक मारायची, म्हणजे 'माणूस आलाय हो!'. जीपनीत (तिकडची प्रवासी जीपगाडी) मागे बसलात तर भाडं हातोहात पुढे सरकवताना 'बायाद पो' (भाडं घ्या), उतरताना 'पारा पो' (थांबवा). मोठ्यांदा म्हणा, नाहीतर पुढच्या चौकातून चालत याल.

मिरजकर: आणि नमस्कार? वाकायचं का?

भटकभवानी: पायांपर्यंत नको. 'मानो पो' म्हणत त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला टेकवायचा. पण हे घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. पहिल्याच दिवशी 'मागांदांग उमागा पो' (शुभ सकाळ) पुरे, सकाळ असेल तर.

दर्यावर्दी: आमच्या जहाजावरचे फिलिपिनो ताट घेऊन बसले की 'काइन तायो!' म्हणतात. आपलं 'या जेवायला'च ते. लगेच पाट मांडू नका. 'बुसोग पा पो आको' म्हणा, म्हणजे पोट भरलंय अजून.