फिलिप्पैच्या तुरुंगातील पौल
ख्रिस्ती माणसाने अन्याय मुकाट्याने सोसावा, असे म्हटले जाते. ते मला अपुरे वाटते. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात ख्रिस्ती धर्माचा प्रसारक पौल व त्याचा सहकारी सीला यांना फिलिप्पै या नगरात चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकले जाते, पाय खोड्यात अडकवले जातात, तरी मध्यरात्री ते स्तोत्रे गातात आणि भूकंपाने दारे उघडल्यावरही पळून न जाता, आत्महत्येस प्रवृत्त झालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला वाचवतात. मात्र सकाळी सुटकेचा निरोप येताच पौल आपले रोमी नागरिकत्व सांगतो (रोमी नागरिकाला चौकशीविना मारणे बेकायदा होते) आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरतो. छळणाऱ्याचा जीव वाचवणारा आणि जाब विचारणारा पौल एकच आहे, शिवाय त्या आग्रहामुळे तेथील नवख्या ख्रिस्ती मंडळीलाही काही संरक्षण मिळाले असावे.