संत्र्या-मोसंबीच्या साली पाकात चामट का होतात?

पाकातली_प्रश्नावली: केकसाठी नागपुरी संत्री आणि मोसंबी यांच्या मिळून २५० ग्रॅम साली घेतल्या. एकदा उकळून पाणी फेकलं, मग साखर-पाणी समप्रमाणात घेऊन मोठ्या आचेवर २० मिनिटं शिजवल्या. साली चामट, चव कडवट, आणि दुसऱ्या दिवशी पाकाची साखर झाली. नेमकं कुठे चुकलं?

मंदआच: साखरेत साल मऊ होत नाही. पाकात पडताना ती जेवढी शिजलेली असेल, तेवढीच राहते किंवा अजून घट्ट होते. म्हणून आधी पूर्ण शिजवा. थंड पाण्यात घालून उकळी आणा, ५ मिनिटांनी पाणी फेका. मोसंबीला असं तीनदा, संत्र्याला दोनदा. मग नव्या पाण्यात झाकण ठेवून, बोटांत दाबल्यावर सहज चेपेपर्यंत. मोसंबीला अर्धा तास तरी लागतोच, संत्र्याचं लवकर होतं. त्यामुळे दोन्ही एका पातेल्यात नकोत.

आतला पांढरा भाग खरवडू नका. कडूपणा पाणी बदलून जातो, आणि पाक मुरतो तो त्या पांढऱ्या भागातच.

तारेवरचा_पाक: मोठी आच हीच दुसरी चूक. पाक झटकन दाट झाला की तो सालीतलं पाणी ओढून घेतो, साखर मात्र तेवढ्या वेगाने आत शिरत नाही. साल सुरकुतते. शिजलेल्या २५० ग्रॅम सालींना ३०० ग्रॅम साखर, ३०० मिली पाणी. ५ मिनिटं मंद उकळून रात्रभर तशाच ठेवा. दुसऱ्या दिवशी साली उपसून फक्त पाक थोडा आटवा, साली परत घाला, एक उकळी, पुन्हा रात्रभर. असं चार दिवस. शेवटी साली पाकातच ठेवून पाक १०६ अंश सेल्सिअसपर्यंत न्या. साल काचेसारखी दिसायला हवी.

साखर बसू नये म्हणून सुरुवातीलाच चमचाभर लिक्विड ग्लुकोज किंवा अर्ध्या लिंबाचा रस घाला. कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने पुसा. शेवटच्या दिवशी ढवळायचं नाही, पातेलं नुसतं हलवायचं.

पपनस_प्रेमी: नागपुरी संत्र्याची साल पातळ, सुटी, जास्त उकळली की फाटते. पहिल्यांदा करताना मोसंबी किंवा माल्टा (घट्ट सालीचं संत्रं) बरा. पपनसाची तर मस्तच होते, पण बाहेरची हिरवी साल काढून टाका आणि दर उकळीनंतर पाणी पिळून काढा. बाहेरून आलेल्या चकचकीत संत्र्यांवर मेण असतं, ती गरम पाण्यात ब्रशने घासूनच घ्या.

पाकातली_प्रश्नावली: वाळवायच्या कशा? इथे हवा दमट आहे.

तारेवरचा_पाक: जाळीवर निथळत पंख्याखाली २४ तास. चिकटपणा जेमतेम उरला की दाणेदार साखरेत घोळवा. पिठीसाखर दमटात लगेच पाणी सोडते. केकमध्येच घालायच्या असतील तर वाळवूच नका, पाकासकट बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. उरलेला पाक गरम केकवर लावायला उत्तम.