नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा स्लॅब गळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महालात आमचं १९७४ सालचं घर आहे, बाबांनी बांधलेलं. दोन पावसाळ्यांपासून आईच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ ओल येते. परवा गिलाव्याचा पोपडा तिच्या उशीवर पडला. वर पाहिलं तर सळई उघडी, गंजून फुगलेली. तेव्हापासून आईला बैठकीत झोपवतोय.

उन्हाळ्यात टाकी रोज भरत होती, तरी डाग कोरडाच होता. म्हणजे नळाची लाइन नसावी. गच्चीवर नेमक्या त्या जागी भेग नाही. पण पाच-सहा फुटांवर, कठडा आणि स्लॅब जुळतात तिथे नख जाईल एवढी फट आहे. पाणी आतल्या आत वाहत इथवर येत असेल का? आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि वरून पाऊस, सांधे उकलणारच. मागच्या वर्षी मारलेला वॉटरप्रूफ रंग एका पावसात निघाला.

उघडीप मिळाली की बांध घालून एकेका भागात दोन दिवस पाणी साठवून बघावं म्हणतो. पण सळई अशी असताना स्लॅबवर तेवढं वजन चालेल का? जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) पूर्ण काढावा लागेल की फट भरून भागेल? असं काम कोणी करून घेतलं असेल तर कृपया सांगा.