‘कट’ म्हणावं की ‘संगनमत’?

(बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांची वस्ती किंवा गाव दिलंय.)

रामबाग: मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातल्या एका अपिलाचा निकाल ओळखीच्या आजींना मराठीत लिहून द्यायचाय. गाडीत डोडाचुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, सापडला, ५० किलोच्या वर, म्हणजे व्यापारी मात्रा, सर्वात कडक शिक्षेची. गाडी दुसऱ्याची, नातवाचं नाव एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम २९ खाली. निकालात त्यासाठी ‘आपराधिक षड्यंत्र’ हा हिंदी शब्द आहे. मी ‘संगनमत’ लिहिलं, त्यांच्या वकिलांनी खोडून ‘कट’ केलं. आजींना कट म्हटलं की कुणाला तरी मारायचाच वाटतो. काय लिहू?

लोकमान्यनगर: दादा, कटच. दंड संहितेच्या मराठी पाठात ‘फौजदारीपात्र कट’ होतं. महाराष्ट्रातल्या एफआयआरमध्ये ‘संगनमत करून’ येतं ते बहुधा जुन्या कलम ३४ साठी, म्हणजे अनेकांनी समान उद्देशाने केलेल्या कृत्यासाठी. तिथे कृत्य घडावं लागतं. २९ मध्ये गुन्हा पुढे घडो वा न घडो, ठरवलं की झालं.

सुदामानगर: आपल्याकडे इंदुरात सगळे षड्यंत्रच म्हणतात. मारण, मोहन, उच्चाटन अशा तंत्रातल्या सहा कर्मांवरून आलाय तो.

पुणे: ती हिंदीची सवय. मराठीत कट शिजतो, षड्यंत्र नाही.

सुदामानगर: शिजतो, कारण तो कटाच्या आमटीतलाच कट! पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतात तो. माझी आई हेच सांगायची.

पुणे: ताई, ते दोन वेगळे शब्द. मला तर हा कानडी ‘कट्टु’, म्हणजे बांधणे, त्यातला वाटतो.

स्नेहलतागंज: चाळीस वर्षं वकिली केली म्हणून सांगतो. शब्द कुठलाही घ्या, पण सिद्ध काय व्हावं लागतं ते आजींना नीट लिहा. कट कागदावर कुणी करत नाही, तो परिस्थितीवरूनच जुळवावा लागतो, आणि अपिलात ती जुळणी कडी-कडी करून तपासतात. सहआरोपीने अधिकाऱ्यापुढे ‘माल त्याचा’ म्हटलं, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तो कबुलीजबाब म्हणून चालत नाही. कॉल रेकॉर्डवरून फोन झाला एवढंच कळतं, बोलणं काय झालं ते नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १० ने, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८ ने, एकाचं बोलणं दुसऱ्यावर लागतं, पण कट चालू असतानाचं. पकडल्यानंतरचं नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, १९४० मध्येच मिर्झा अकबर खटल्यात हे सांगितलंय.

रामबाग: काका, निकालात कॉलचेच तपशील आहेत, पानंच्या पानं. मग ‘संधान बांधलं’ लिहू का?

लोकमान्यनगर: संधान एकटाही बांधतो. कटाला दोघं लागतात.

सुदामानगर: ‘साटंलोटं’ आजींना लगेच कळेल.

पुणे: निकालात साटंलोटं? आणि षड्यंत्र लिहिणारच असाल तर ‘ड’ चा पाय मोडा.