शब्दचर्चा: 'एन्काउंटर'ला मराठीत काय म्हणावं?

मीनल

आमच्या चित्रपट मंडळात गेल्या रविवारी स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) दाखवला. पत्रकावर मंडळातल्या कुणीतरी 'परग्रहवासीयांशी थरारक चकमक' अशी ओळ टाकली होती. परिणाम असा की पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं दोन तास लढाईची वाट बघत बसली. चित्रपटात लढाई नाहीच. शेवटची जवळजवळ चाळीस मिनिटं डोंगराच्या पायथ्याशी माणसं वाट बघतात, यान उतरतं, दोन्ही बाजू एकमेकांना सूर ऐकवतात. मुलं बाहेर पडताना म्हणाली, "काही झालंच नाही."

नंतरच्या गप्पांत मला गंमत वाटली ती अशी, की चित्रपट ज्याला जसा वाटला तसा त्याचा शब्द. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ही चकमक नाही, हे दर्शन आहे." लहान मुलाला घेऊन आलेल्या एक बाई ठामपणे म्हणाल्या, "दर्शन कसलं? आईच्या हातातून पोर ओढून नेलं. याला अपहरण म्हणतात." तिसऱ्यांनी 'भेट' म्हटलं, पण त्यांनाच तो शब्द मिळमिळीत वाटला.

पुढच्या महिन्यात हाच चित्रपट नववी-दहावीच्या मुलांना दाखवायचा आहे. पत्रकावर काय लिहू? नुसतं 'एन्काउंटर' लिहिलं तर मुलांना बंदुकाच दिसणार.

सुहास

मीनलताई, 'चकमक' लिहिणाऱ्याला दोष देऊ नका. वर्तमानपत्रांनी 'एन्काउंटर = चकमक' हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं केलं आहे. 'चकमक' मूळचा तुर्की. आग पाडायला गारगोटीवर पोलाद आपटायचं ते साधन म्हणजे चकमक. ठिणगी उडते म्हणून दोन तुकड्यांची छोटी लढाई ती चकमक, आणि ती 'झडते'. वादावादीला आपण 'शाब्दिक चकमक' म्हणतो तेही त्यातूनच आलं.

मुंबईच्या बातम्यांत 'एन्काउंटर'ला आजचा अर्थ चिकटला तो साधारण १९८२पासून. त्या वर्षी ११ जानेवारीला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वेला पोलिसांनी गोळ्या घातल्या. नव्वदच्या दशकात 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' आले आणि 'त्याचा एन्काउंटर केला' असं क्रियापद तयार झालं. आता त्या शब्दात समोरासमोर येणंसुद्धा उरलेलं नाही, एकानं दुसऱ्याला संपवणं एवढंच आहे. चित्रपट १९७७चा. म्हणजे ज्या शब्दाची आपल्याला भीती वाटते तो अर्थ चित्रपटानंतर आपल्याकडे रुजलेला.

पूर्वा (कलोन)

इकडची माहिती देते, कामाची वाटेल. 'एन्काउंटर'च्या मुळाशी लॅटिन 'कॉन्ट्रा' आहे, म्हणजे विरुद्ध, समोर. त्यामुळे शत्रुत्वाची छटा त्यात जन्मापासून आहे, पण समोरासमोर येण्याचीही आहे. कुठली छटा उचलायची हे प्रत्येक भाषेनं आपापलं ठरवलं. फ्रेंचांनी 'रांकोंत्र' हा साधा शब्द घेतला. वाटेत कुणी भेटलं तरी तो चालतो आणि दोन संघांचा सामना असला तरी चालतो. जर्मन वितरकांनी मात्र भेटीच्या शब्दाआधी स्वतःचं विशेषण जोडलं, 'उनहाइमलिख', म्हणजे अंगावर काटा आणणारी. मूळ नावात तसलं काही नाही. तुमच्या पत्रकातल्या 'थरारक'चं हे जर्मन भावंड. इथल्या मैत्रिणींशी बोलताना जाणवतं की त्यांना हा भीतीचा चित्रपट म्हणून आठवतो, सुरांचा म्हणून नाही.

स्पेनमधलं नाव मला सर्वांत आवडतं. त्यांनी 'तिसऱ्या प्रकारची' न म्हणता 'तिसऱ्या टप्प्यातली' म्हटलं आहे.

अनिरुद्ध

'टप्पा' बरोबरच आहे, कारण ही विभागणी चित्रपटवाल्यांची नाही. जे. ॲलन हायनेक हा खगोलशास्त्रज्ञ अमेरिकन हवाई दलाला उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासायला मदत करायचा. सुरुवातीला तो पक्का अविश्वासू होता. १९७२च्या पुस्तकात त्यानं जवळच्या नोंदींचे तीन वर्ग केले. पाचशे फुटांच्या आत वस्तू नुसती दिसली तर पहिला. तिनं काही खूण मागे ठेवली, जमीन होरपळली, गाडीचं इंजिन बंद पडलं, जनावरं बिथरली तर दुसरा. आत किंवा आसपास कुणी जिवंत दिसलं तर तिसरा. चित्रपटाला त्यानं सल्ला दिला आणि शेवटच्या गर्दीत दाढीवाला, पाइप ओढणारा माणूस क्षणभर दिसतो तो तोच.

नीट बघा, हायनेकच्या तिसऱ्या वर्गातही बोलणं, हात मिळवणं, देवाणघेवाण यांची अट नाही. दिसलं की झालं. तेव्हा मास्तरांचं 'दर्शन' हायनेकच्या सर्वांत जवळ जातं. 'प्रकार' मात्र नको. मराठीत 'काय प्रकार आहे हा?' असं आपण काहीतरी गडबड दिसली की विचारतो. 'वर्ग' घेतला तर वयस्कर वाचकाला रेल्वेचा तिसरा वर्ग आठवेल. 'पायरी' बघा. जवळ जाण्याचा अर्थ त्यात आपोआप येतो.

खोपोलीकर

या चित्रपटाचा एक तुकडा आमच्या भागात चित्रित झालाय. डोंगरउतारावर शेकडो माणसं बसून एकच धून गातात तो प्रसंग. पडद्यावर जागा 'धर्मशाला, उत्तर भारत' अशी येते, पण ते खालापूर तालुक्यातलं हाळ गाव आहे. फेब्रुवारी १९७७मध्ये ते चित्रण झालं. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड नाव १९८१मध्ये आलं. छायाचित्रणाला डग्लस स्लोकोम्ब होते.

माझ्या लेखी अख्ख्या चित्रपटातली सर्वांत ताकदीची जागा तीच. फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोम्ब (दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं ही भूमिका केली आहे) लोकांना विचारायला लावतो की हे सूर कुठून आले. क्षणात सगळे हात वर जातात, शेकडो बोटं आभाळाकडे. एकही जण 'आम्हाला कोण भेटलं' हे सांगत नाही. फक्त दिशा दाखवतात. तुम्ही भेट म्हणा, चकमक म्हणा, त्या गर्दीनं दोन्ही केलेलं नाही. त्यांनी ऐकलंय आणि उलट गातायत. आमच्याकडे रानात लांबच्या माणसाला ओरडून बोलावतात त्याला 'हाळी' म्हणतात. हाळी दिली की पलीकडून ओ येते. हा चित्रपट म्हणजे हाळी आणि ओ.

(गावाच्या नावाशी 'हाळी'चा संबंध मी जोडत नाहीये, शब्द जुळले एवढंच.)

रेवती

खोपोलीकरांना शंभर टक्के अनुमोदन. मी गाणं शिकवते, म्हणून त्या पाच सुरांबद्दल लिहिते. सरगमीत बसवले तर मध्य सप्तकातले रे, ग, सा, मग एकदम खाली उडी मारून मंद्र सा आणि तिथून वर मंद्र प. म्हणून बघा. पहिले तीन स्वर घरी आल्यासारखे वाटतात, सा आला, वाक्य संपलं. आणि लगेच पायाखालची जमीन एक सप्तक खाली जाते. शेवट पंचमावर, म्हणजे उत्तर बाकी ठेवून. जॉन विल्यम्सनी पाच स्वरांच्या शेकडो जुळण्या करून त्यातून ही निवडली. हिच्यात प्रश्न विचारल्याचा भाव आहे आणि पाचच स्वर असल्यानं गाणं होण्याआधी ती थांबते.

लाकोम्ब सभागृहात हे स्वर हातांच्या खुणांनी दाखवतो. त्या कोडायच्या पद्धतीच्या खुणा आहेत, हंगेरीत मुलांना गाणं शिकवताना वापरतात त्या. शेवटी यान उतरल्यावर माणसं सिंथेसायझरवर धून वाजवतात, समोरून ट्यूबासारख्या घुमणाऱ्या आवाजात उत्तर येतं, काचा फुटतात, आणि मग दोघंही सुटतात. लय वाढत जाते, वाजवणाऱ्याला पुढे काय येणार ते कळेनासं होतं. तमाशातला सवाल-जवाब ज्यानं ऐकलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. तिथे स्पर्धा असतेच, पण समोरचा हरावा यापेक्षा त्यानं तोडीचं उत्तर द्यावं ही ओढ जास्त असते.

"काही झालंच नाही" म्हणणाऱ्या मुलांना आधी हे पाच स्वर म्हणायला लावा आणि मग चित्रपट दाखवा.

अनिरुद्ध

संगीताचं मान्य. पण सगळेच त्या बाईंचा आक्षेप बाजूला सारताय, ते मला पटत नाही. बॅरीला, त्या लहान पोराला, नेतात तो प्रसंग आठवा. घराला यानाच्या उजेडानं वेढलंय, जमिनीतल्या जाळीचे स्क्रू आपोआप फिरत वर येतात, आई दारं-खिडक्या लावत सुटते, आणि पोर कुत्र्यासाठी केलेल्या छोट्या दारातून बाहेर सरकतं. तिच्या हातात त्याचे पाय आहेत आणि ते निसटतात. ती किंचाळते, तो मात्र खुशीत आहे. चित्रपट मुलाच्या बाजूनं उभा राहतो. आईच्या बाजूनं पाहणाऱ्याला 'अपहरण' म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

नायक रॉय निअरीचंही तेच. बटाट्याच्या लगद्यात डोंगर कोरणारा बाप, टेबलाभोवती रडवेली मुलं. शेवटी तो बायको-मुलांना सोडून यानात चढतो आणि लाकोम्ब त्याला "मला तुझा हेवा वाटतो" म्हणतो. स्पीलबर्ग स्वतः बाप झाल्यावर म्हणाला की आज मी रॉयला घर सोडून जाऊ दिलं नसतं. ज्या शब्दात या दोन घरांचं नुकसान मावत नाही तो शब्द मला अपुरा वाटेल. 'दर्शन' सुंदर आहे, पण त्यात कुणाचं काही जात नाही.

मीनल

अनिरुद्ध, हे वाचून बरं वाटलं. त्या बाईंना गप्पांत कुणी उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे भीती, ओढ आणि नुकसान तिन्ही सामावेल असा शब्द हवा. आहे का असा?

सुहास

आहे. 'गाठ'.

'वाटेत वाघाशी गाठ पडली' यात भीती आहे. 'बऱ्याच वर्षांनी गाठ पडली' यात जिव्हाळा आहे. 'याद राख, गाठ माझ्याशी आहे' यात धमकी आहे. 'लग्नगाठ' आहे, जी बांधली की मागचं घर सुटतं. आणि मुख्य म्हणजे गाठ आपण ठरवून घेतोच असं नाही, ती 'पडते'. रॉय रात्री वीज गेली म्हणून ट्रक घेऊन कामाला निघाला होता, कुणाला भेटायला नव्हे. रेल्वे फाटकाजवळ त्याची गाठ पडली. 'भेट' मिळमिळीत वाटते कारण ती बहुतेकदा ठरवलेली आणि हातात नारळ घेऊन दिलेली असते. 'शेरास सव्वाशेर भेटला' म्हणताना तिलाही धार येते, पण एरवी नाही. हिंदीत 'कोई मिल गया' (२००३) हे नाव जमलं ते त्याच्या साधेपणामुळे. मराठीत 'कुणीतरी भेटलं' म्हटलं तर ते प्रेमकथेचं नाव वाटेल.

चित्रपटातला माणूस तरी कुठे पारिभाषिक शब्द वापरतो? सोनोरा वाळवंटातला म्हातारा आठवा, उजेडानं चेहरा भाजलेला. त्याचं स्पॅनिश बोलणं भाषांतर होऊन लाकोम्बपर्यंत पोचतं की रात्री सूर्य उगवला आणि त्याला गाऊन दाखवलं. त्याच्यापाशी तबकडीही नाही आणि परग्रहवासीही नाही, पण घडलेलं सगळं त्याच्या सांगण्यात आलं आहे.

पूर्वा (कलोन)

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर त्या दुभाष्याला विसरू नका. लाफलिन मुळात नकाशे काढणारा, फ्रेंच येतं म्हणून त्याला ओढून आणलेलं. अवकाशातून आकड्यांची माळ येते तेव्हा खोलीभर शास्त्रज्ञ गोंधळतात आणि हा म्हणतो, हे रेखांश-अक्षांश आहेत. म्हणून सगळे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवर या डोंगराशी पोचतात. मुलांना हे जरूर सांगा.

'गाठ' मला पटला. 'रांकोंत्र'च्या जवळ जातो.

खोपोलीकर

मलाही चालेल. 'हाळी' पोटात कुठेतरी घाला, एवढी विनंती.

रेवती

कुठली आवृत्ती दाखवणार? १९८०च्या आवृत्तीत स्टुडिओच्या आग्रहाखातर यानाच्या आतलं दृश्य जोडलं होतं. १९९८मध्ये स्पीलबर्गनं ते काढून टाकलं. मुलांना काढलेलीच दाखवा. आत काय आहे ते रॉयला कळू दे, आपल्याला नको.

मीनल

१९९८चीच मिळवली आहे. पत्रकाचा मजकूर असा करतेय:

'गाठ तिसऱ्या पायरीची. रात्री आभाळातून हाळी येते. कुणी ती गातं, कुणी मातीत तिचा डोंगर करतं, एका आईचं मूल तिच्यामागे जातं. दिग्दर्शक: स्टीव्हन स्पीलबर्ग. आपल्या खालापूर तालुक्यातल्या हाळ गावात चित्रित झालेला प्रसंग यात आहे. चित्रपटाआधी दहा मिनिटं पाच स्वरांचा सराव.'

अनिरुद्ध, आईचं वाक्य तुमच्यासाठी घातलंय. 'मूल जातं' ठेवू की 'मूल नेलं जातं'?

अनिरुद्ध

'नेलं जातं' करा.