अकिता कुत्रीचे केस भादरू का?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आमची दीड वर्षाची अकिता, सखू, एप्रिल लागल्यापासून फरशीला पोट लावून पडून असते. जेवण निम्म्यावर आलंय. आई म्हणते, केस भादरून टाक. बघून जीव तुटतो. काय करू?

उत्तर: भादरू नको भावा! अकिताला केसांचे दोन थर. वरचा ऊन अडवतो. भादरल्यावर पहिल्यासारखे येतीलच असं नाही. आतले गळके केस रोज ब्रशनं काढ. रंकाळ्यावर पहाटेच ने, दुपारी डांबरी रस्ता नकोच.

उत्तर: जेवण निम्म्यावर आलंय म्हणजे डॉक्टरांना दाखवाच. कातडीवर खवले दिसतात का तेही बघा, या जातीत तैलग्रंथींचा आजार होतो. जपाननं १९३१ साली नैसर्गिक वारसा ठरवलेलं जनावर आहे, जपा.

आईला वाचून दाखवलं. तिनं कात्री ठेवली, ओलं पोतं अंथरलं. सखू त्यावर झोपलीय. सकाळी डॉक्टरांकडं नेतो.